दीड हात दोरा

प्रिय चिमटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील. दर रविवारी फोन असतो, मग हा कागद कशाला, असं म्हणशील. पण फोनवरचं आपलं बोलणं आता पाठ झाल्यासारखं झालंय. तू माझ्या गुडघ्याचं विचारतेस, मी तुझ्या खोकल्याचं. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि मग तू म्हणतेस, "बरं, ठेवू?" मला "नको ठेवूस" म्हणायला कधी जमलं नाही. कागदाला काही "ठेवू" म्हणता येत नाही, म्हणून कागद घेतला. लांबणार आहे, आधीच सांगते. चहा करून घे आणि टेकून बस.

दीड महिन्यापूर्वी फोन ठेवता ठेवता तू सांगितलंस, की वाकणाऱ्या पत्र्याचं काम पुढच्या महिनाअखेर कायमचं बंद होतंय आणि बंद करायच्या कागदावर सही तुझी आहे. "दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं," म्हणालीस. मी "बरं" म्हटलं. तुझ्या बाबांची नऊ वर्षं त्या पत्र्यात गेली, आणि मी नुसतं "बरं" म्हटलं, कारण त्या दिवशी माझ्याजवळ दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं. आता आहे. पण ते एकदम सांगितलं तर तू पहिल्याच ओळीला लाल रेघ मारशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तेव्हा मी जशी पोचले तशीच, पायरीपायरीने तुला नेते. मधे उडी मारून शेवट बघायचा नाही. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं अजिबात नाही.

माझी शाळा सातवीत सुटली हे तुला माहीत आहे. पुढचं शिक्षण शिलाई मशीनवर झालं, डाव्या हाताला पुस्तक आणि उजव्या हाताला कापड. त्यामुळे डोक्यात आहे बरंच, पण त्याला क्रम नाही. समुद्राच्या तळाशी कुठले आंधळे मासे राहतात ते सांगीन, आणि भागाकार अजून बोटांवर करीन. बाबा गेल्यावर मी कादंबऱ्या सोडल्या. त्यांत माणसं फार मरतात. म्हटलं, हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी नखांत काळं घेऊन यायचा, मधल्या वेळात नक्की काय करायचा ते तरी वाचून काढू. वाचनालयात जाऊन न्यूट्रॉनवरचं पुस्तक मागितलं. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "नातवासाठी का, आजी?" मी म्हटलं, "नातू नाही हो. मुलगी आहे, पण तिला सगळं येतं. मलाच येत नाही." त्यांनी आधी शाळेतल्या मुलांचं, चित्रांचं दिलं. ते चार वेळा वाचलं. मग जाडजूड दिलं, ते निम्मं वाचलं आणि निम्मं सोडून दिलं. पण त्या निम्म्यातही इतकं होतं, की किती वर्षं मी ताटावर बसून नुसती मान डोलावत होते याची लाज वाटली.

मला पहिलं हसू आलं ते "मंद" या शब्दाचं. तुम्ही लोक ज्याला मंद न्यूट्रॉन म्हणता तो सेकंदाला तीनशे मीटर जातो. आपल्या दारातून निघाला तर तीन सेकंदांत भाजीबाजारात. आणि हा मंद! बाबा जन्मभर मला "मंद आहेस" म्हणायचे, ते कुणाशी तुलना करून म्हणत होते ते आत्ता कळलं. दुसरं एक वाचलं आणि पुस्तक मिटून घड्याळाकडे बघत बसले. अणूच्या आत, सोबतीने असला तर न्यूट्रॉन कितीही टिकतो, पण एकटा बाहेर पडला की सरासरी पंधरा मिनिटांत मोडतो. मी हिशेब केला. मला एकटीला दीड वर्ष झालं, अजून मोडले नाही. तेव्हा मी न्यूट्रॉन नाही, एवढं तरी पक्कं झालं.

आता मी जे समजले ते लिहिते, चुकलं तर दुरुस्त कर. न्यूट्रॉन ही गोटीही आहे आणि लाटही, आणि तो जितका मंद तितकी त्याची लाट लांब. तुम्हाला हे मंद न्यूट्रॉन हवे असतात, पण ते मुळात थोडे, आणि चहूकडे पळून जातात. म्हणून त्यांना परत फिरवणारा आरसा लागतो, बॅटरीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते तसा. साध्या ग्राफाइटचे थर एकमेकांना इतके चिकटून असतात, की लांब लाटेचं आणि त्यांचं जुळतच नाही. ती सरळ पार निघून जाते. त्या थरांमध्ये फ्लोरीन घुसवला की थर दूर सरकतात, जवळजवळ दुप्पट, आणि मग तीच लांब लाट थरांवरून मागे फिरते. बाबांनी हे मला एकदा ताटावर सांगितलं होतं. मी म्हटलं, म्हणजे परकराच्या चुण्यांसारखंच की. कापड पातळ तर चुणी बारीक, कापड जाड तर चुणी रुंद घ्यावी लागते, नाहीतर बसतच नाही. त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे मी तीन साहेबांना समजावलं, अर्धा तास लागला. तुला नोकरीला घ्यायला हवं होतं." बाबांकडून कौतुक म्हणजे दुष्काळातलं पाणी, म्हणून तारीखसुद्धा लक्षात आहे.

पत्रा कसा करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बाबांचं वर्कशॉप घरच्यांना दाखवतात तेव्हा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या लंबूकाकांनी मला भट्टीच्या काचेशी उभं केलं होतं. आम्ल मुरवलेले ग्राफाइटचे कण एकदम तापवले की ते फुलतात, फुलतात, आणि काळ्या अळ्यांसारखे लांब होतात. मूठभर कणांची बादलीभर अळी. हलकी इतकी, की मी फुंकर मारली असती तर बाबांनी मला हाकललं असतं. त्या अळ्या रोलरमधून काढल्या की एकमेकींत गुंततात आणि पत्रा होतो. गोंद नाही, डिंक नाही, काही नाही. नुसतं दाबणं. आणि तो वाकतो, चामड्यासारखा. पण त्यात फ्लोरीन भरला की तो रुसतो. वाकवलं की तडकतो, कडेने भुगा पडतो. ताठ फळ्या करा, त्या चालतात, पण न्यूट्रॉन येतात ते तुमचं भांडं गोल, त्याला नळ्या, त्याला कोपरे. दोन फळ्यांमध्ये फट राहते आणि फटीतून न्यूट्रॉन पळतात. बाबांची नऊ वर्षं त्या फटीसाठी होती.

त्यांना तोड सुचली ती माझ्याकडे बघून, हे ते कबूल करायचे नाहीत, पण मी समोर होते. मी चिंध्यांची गोधडी शिवत होते आणि ते पेपर वाचत होते. एकदम पेपर खाली ठेवून म्हणाले, "मासा ताठ असतो का ग?" मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय?" म्हणाले, "त्याचा एकेक खवला ताठ असतो. पण मासा वाकतो." तिथून ते निघालं. फ्लोरीन भरलेल्या पत्र्याचे तळहाताएवढे तुकडे, एकावर एक अर्धे चढवायचे खवल्यांसारखे, वर आणि खाली ते निसरडं कापड, तव्याला काही चिकटू नये म्हणून लेप असतो त्या जातीचं, आणि मधून धावदोरा. दोराही त्याच जातीचा, कारण त्यात हायड्रोजन नसतो, आणि या आरशाला हायड्रोजन अजिबात चालत नाही. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे "गोधडी"च म्हणायचे. तुमच्या रिपोर्टात मात्र तिला लांबलचक नाव होतं.

आता पहिली कबुली. नमुन्याच्या कागदावर "शिवण: वर्कशॉप" असं होतं. ती वर्कशॉपची नव्हती, माझी होती. मशीनची सुई खवले फोडायची, आणि हातशिलाई त्या पुरुषांपैकी कुणाला येत नव्हती. एकाने शर्टाला बटण लावताना शर्ट स्वतःच्या पँटला शिवला होता, ही तिथली सगळ्यात मोठी कामगिरी. सहा सुट्टीचे दिवस मी बाबांबरोबर वर्कशॉपच्या कोरड्या खोलीत बसून ती शिवली. बाहेरच्या माणसाला तिथे परवानगी नव्हती, म्हणून नाव लिहिलं नाही. तुलाही सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "तिला कळलं तर तिला आईचं काम तपासावं लागेल. बिचारीची पंचाईत. नमुना नमुना म्हणूनच जाऊ दे." मला पटलं. त्यांनी मला डोक्याला टोपी दिली, तोंडाला फडकं, हातमोजे दोन थरांचे. केसांना तेल नाही, अंगठी नाही, घामाचा थेंब नाही. माझ्या सुया, कात्री, अंगुस्तान सगळं स्पिरिटने पुसलं. मी म्हटलं, "मलाही पुसा आता." ते हसले नाहीत. एका थेंबात किती हायड्रोजन असतो ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

पण किती आनंदाचे दिवस होते ते. ते खवले मांडत होते, मी टाके घालत होते, मधे बोलणं नाही, कारण फडकं. संसारात इतकं शांत आम्ही कधी बसलो नव्हतो. शेजारणीला मी सांगितलं, माझी शिवण आता न्यूट्रॉन बघणार. ती म्हणाली, "हे कोण? नवीन गिऱ्हाईक?" मी म्हटलं, "हो, आणि फार चोखंदळ आहे." गोधडी डब्यात बंद होऊन तुझ्याकडे तपासणीला निघाली त्या दिवशी मी स्वतःसाठी एक साडी दुकानातून घेऊन आले, तीही भारीतली, कुणाला न विचारता.

मग तुझा रिपोर्ट आला. तो तुला पाठ असेल, मलाही आहे. "हायड्रोजन प्रमाणाबाहेर. कारण: हाताळणीतील निष्काळजीपणा व सुईच्या छिद्रांतून शिरलेला ओलावा. शिवलेली रचना या कामास अयोग्य." बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर वाचला, घडी केली, चष्मा पुसला. मी विचारलं, "शिवण नीट होती ना हो?" ते म्हणाले, "शिवणीला तोड नाही. माझाच हात लागला असेल कुठेतरी." चिमटे, ज्या माणसाने नखांत काळं असताना तुझ्या एका वहीला ठसा लागू दिला नाही, त्याचा हात लागला असेल? मला तेव्हाच खटकायला हवं होतं. दोन महिन्यांनी त्यांनी तुला लिहिलं, की दुसरा नमुना पाठवतो, एकदा तपासा. तुझं उत्तर आलं. त्यात तू त्यांना "आपण" लिहिलं होतंस. "कारण दिल्याशिवाय दुसरा नमुना तपासता येत नाही, हे आपण जाणताच." जन्मभर "बाबा, तू" म्हणणारी मुलगी. मला माहीत आहे, ते पत्र ऑफिसचं होतं, त्याची नक्कल आणखी चौघांना जाणार होती. पण त्यांनी ते उत्तर परत परत वाचलं आणि कारण काही दिलं नाही. त्यानंतर तू फोन केलास की ते "आईला देतो" म्हणायचे. आठ महिन्यांनी, निवृत्तीच्या तोंडावर, सकाळी मोजे घालता घालता ते गेले. एक मोजा पायात, एक हातात. तू आलीस आणि कितीतरी वेळ त्यांच्या बोटांकडे बघत बसलीस. मला वाटलं, काळं राहिलंय का ते बघतेस. मला खरं सांगायचं तर तुझा राग होता. तो कसा गेला, तेच आता लिहिते.

तुझा तो सहीचा फोन झाला त्याच आठवड्यात लंबूकाका आले. वर्कशॉपमधलं बाबांचं कपाट रिकामं करायचं होतं. एक पत्र्याची पेटी आणली. दाराशीच म्हणाले, "वहिनी, उघडली नाही हो मी. काय आहे त्यात देव जाणे. वजनावरून सोनं नाही." चहा घेतला, दोन वेळा नाक शिंकरलं आणि गेले. पेटीत एक जुना चष्मा, हातमोजे, तुझ्या सातवीतल्या बक्षिसाचा फोटो, आणि तुझा रिपोर्ट. घरी फक्त पहिली दोन पानं आली होती, ही पूर्ण प्रत. त्यात मागे एक फोटो होता. न्यूट्रॉनने काढलेला गोधडीचा फोटो, जिथे हायड्रोजन तिथे काळं. हे मला खाली लिहिलेलं वाचून कळलं. त्यात बारीक काळ्या समांतर रेषा. तुम्ही त्यांना "छिद्रांलगतचा ओलावा, अनियमित" असं म्हटलंय.

मी तो फोटो खिडकीपाशी नेला. आणि चिमटे, मला माझं अक्षर दिसावं तशी माझी शिवण दिसली. सहा टाक्यांनंतर माझा सातवा टाका केसभर लांब पडतो, कारण तिथे मी अंगठा सरकवते. तोही दिसला. पण ते सोड, टाके तर तिथे होतेच. मला खटकलं ते दुसरं. रेषा अनियमित नव्हत्या. प्रत्येक रेष सुरुवातीला गडद होती, पुढे फिकी होत गेली होती, पार पुसट, आणि मग एकदम पुन्हा गडद. पुढच्या ओळीत तीच गडद जागा थोडी सरकलेली, त्याच्या पुढच्या ओळीत आणखी सरकलेली, जिन्यासारखी. ओलावा छिद्रांतून शिरला असता तर सगळ्या छिद्रांत सारखा शिरला असता ना? त्याला मधेच थकून पुन्हा ताजंतवानं व्हायचं काय कारण? छिद्र थकत नाही. दोरा थकतो. गाठीजवळचा दोरा एकदोन छिद्रांतून जातो आणि बसतो. पण सुईजवळचा दोरा पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत प्रत्येक छिद्रातून ओढला जातो. त्याच्या अंगावर काही असेल तर ते वाटेत घासून निघून जातं. मग तो संपतो, आपण नवा दोरा ओवतो, आणि पुन्हा सुरुवात. हे तुमच्यातल्या कुणाला कळणं शक्य नव्हतं. तुम्ही कुणी इतकी हातशिलाई केलेली नाही.

पण दोऱ्याच्या अंगावर होतं काय? मी शिवणाचा डबा घेऊन बसले, रीळ काढलं, दोरा तोडला, आणि हात आपोआप डब्यात गेला. तिथे मेणबत्तीचं थोटूक असतं. दोरा त्यावरून दोनदा ओढायचा, म्हणजे तो पिळत नाही, निसरडा असला तरी गाठ धरतो. चाळीस वर्षं मी हे करते. म्हणजे करते असंही नाही, श्वास घेते तसं होतं ते. त्या सहा दिवसांत थोटूक माझ्या खिशात होतं. बाबांनी सगळं पुसलं, खिसा पुसला नाही. आणि समोर बसून त्यांनी ते शंभरदा पाहिलं असेल, पण चाळीस वर्षं रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसत नाही. त्या निसरड्या दोऱ्याला गाठ धरत नव्हती म्हणून तर मी दोनदाऐवजी चारदा ओढत होते.

वाचनालयातलं जाड पुस्तक परत आणलं. मेण म्हणजे एकेका कार्बनमागे दोन-दोन हायड्रोजन, पाण्याइतकेच दाट, थोडे जास्तच. आणि हायड्रोजनचं वजन न्यूट्रॉनएवढंच. मी फरशीवर गोट्या मारून बघितल्या, हसू नकोस. गोटी भिंतीवर मारली तर होती तशी परत येते. पण हलणाऱ्या तिच्याएवढ्याच गोटीला लागली तर कुठल्या कुठे उडते. तुमचा मंद न्यूट्रॉन धडपडणाऱ्या हायड्रोजनला लागला की धक्का खाऊन सुसाट सुटतो, मंद राहतच नाही. त्या पुस्तकात पुढे लिहिलंय, न्यूट्रॉन अडवायचे असतील तर मेणाचे ठोकळे रचावेत. वाचलंस? अडवायला. आणि मी त्यांच्या आरशालाच मेण लावलं.

त्यानंतर मी फोटो पुन्हा नीट पाहिला आणि कडेला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. बाबांनी पट्टी लावून एका गडद जागेपासून दुसऱ्या गडद जागेपर्यंतचं अंतर मोजलं होतं, फोटोचं माप लहान म्हणून चारने गुणलं होतं, गाठीची आणि शेपटाची वीत मिळवली होती, आणि समोर लिहिलं होतं, "दीड हात." त्याखाली पुन्हा, "दीड हात." तिसऱ्यांदा, "दीड हात," आणि खाली रेघ. मी दोरा नेहमी दीड हात तोडते. लग्नानंतर त्यांनीच मला चिडवलं होतं, की बाकीच्या बायका हातभर तोडतात, तू आळशी, परत ओवायला नको म्हणून दीड हात तोडतेस.

म्हणजे त्यांना माहीत होतं. तुला पत्र लिहिण्याच्या आधी माहीत होतं. एक ओळ लिहायची होती, "शिवणाऱ्या बाईने दोऱ्याला मेण लावलं," की दुसरा नमुना तपासला गेला असता. मी आठवडाभर हाच विचार करत होते, का नाही लिहिली? नियमाला ते भीत नव्हते, निवृत्तीला उरले होते काही महिने. मग मला मीच आठवले. टेबलापाशी उभी राहून विचारणारी, "शिवण नीट होती ना हो?" आणि त्या भारीतल्या साडीत शेजारणीला गोधडीची गोष्ट चौथ्यांदा सांगणारी. नऊ वर्षं एका बाजूला ठेवली त्यांनी आणि दुसऱ्या बाजूला माझा तो आनंद. तुझ्यावर रागावून नव्हते ते गप्प, माझ्यासाठी गप्प होते. तू "आईला देतो" ऐकलंस ते सगळे महिने त्यांच्या तोंडात ती एक ओळ होती. तेव्हा त्यांच्या बोटांकडे बघत तू जे काही मनात धरून नेलंस, ते खाली ठेव. तू चुकली नव्हतीस. हायड्रोजन होताच. कारण मागणं हे तुझं कामच होतं, आणि ते तसं करायला त्यांनीच तुला शिकवलं. चार वर्षांची असताना माझ्या मशीनखालच्या टाचण्या तू चिमटीने एकेक वेचायचीस, तेव्हा "मोजून दाखव, एकही राहायला नको" म्हणणारे तेच होते.

आता काम. बाबांनी शेवटचा फ्लोरीन भरलेले उरलेले खवले लंबूकाकांनी कोरड्या डब्यात सीलबंद ठेवले होते. फेकायचे म्हणून कागद झाला होता, पण ते म्हणाले, "फेकायला मला जड झालं हो, वहिनी." या वेळी रीतसर परवानगी काढली. बाहेरची शिंपीण म्हणून माझं नाव कागदावर आहे, माझी सही आहे. चार दिवस मी त्याच खोलीत बसले. समोर लंबूकाका, पोलिसासारखे, माझ्या खिशांसकट सगळं तपासून. मेण नाही. दोरा हातभरच तोडला, म्हणजे तो कमी पिळतो, आणि गाठीऐवजी प्रत्येक सुरुवातीला तीन उलट टाके घातले, ते धरतात. बोटं दुखली, डोळ्यांना पाणी आलं, पण ते फडक्याच्या आतच राहिलं, खाली पडू दिलं नाही. नमुन्याचा डबा ऑफिसच्या नोंदीने निघालाय, या पत्राच्या आगेमागे पोचेल. तो न्यूट्रॉनच्या झोतात ठेवशील तेव्हा माझी शिवण फोटोत दिसली नाही तर ती चांगली झाली असं समज. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम दिसू नये असं वाटतंय. आणि दिसलीच, तर सही कर. मी "बरं" म्हणीन, आणि या वेळी मनापासून म्हणीन.

राहिली एक गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. तुझा रिपोर्ट आला त्या आठवड्यात माझ्या शिवणाच्या डब्यातलं जुनं थोटूक नाहीसं झालं होतं. मी घरभर शोधलं. बाबा म्हणाले, "उंदराने नेलं असेल, नवीन घे." ते त्या पेटीच्या तळाशी होतं, चष्म्याच्या फडक्यात गुंडाळून, वर दोऱ्याने पडलेल्या माझ्या खाचा. ते नमुन्याच्या डब्यात ठेवलेलं नाही, तेवढी अक्कल आता आली आहे. या पाकिटातच, कागदाच्या पुडीत आहे. कारण दिल्याशिवाय दुसरा नमुना तपासता येत नाही, असं तू त्यांना लिहिलं होतंस. त्यांनी ते दिलं नाही. मी देते. पुडी उघड.

तुझीच,
दीड हात दोरा तोडणारी आळशी आई